डागडुजीचा हिशेब

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. जुने घर दुरुस्त करून पाहण्याविषयी मात्र आपल्या पूर्वजांनी काही सांगून ठेवलेले नाही. वास्तविक ते काम अधिक नाजूक आहे. नव्या घराला पैसा आणि साहित्य लागते. जुन्या घरात त्यांच्या जोडीला भावंडांची मने सांभाळावी लागतात.

कृष्णाकाठच्या एका गावी माझ्या बालमित्राचे सुमारे नव्वद वर्षांचे घर आहे. दगडी जोते, मातीत रचलेल्या भाजक्या विटांच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, वर मंगळुरी कौले. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परसू. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या घरात कमरेइतके पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर घाईघाईने आतून सिमेंटचा गिलावा झाला. पुढे दर पावसाळ्यात भिंती फुगू लागल्या, पांढरे क्षार उमटू लागले, पोपडे गळू लागले. एका ठेकेदाराने निकाल दिला, ‘पाडा आणि नवे बांधा.’ मित्र निवृत्त शिक्षक. त्याची पुंजी मोजकी. शहाऐंशी वर्षांच्या मातोश्रींचा हट्ट एकच, डोळे मिटावेत ते याच घरात. कागद आणि हिशेब पाहण्यासाठी त्याने मला बोलावले.

बँकेतील सवयीप्रमाणे मी आधी मिळकतपत्रिका मागितली. तीवर अजूनही दिवंगत वडिलांचेच नाव होते. वारस पाच : आई, दोन भाऊ, दोन बहिणी. बहिणींना विचारण्याचा मित्राला संकोच वाटत होता. ‘त्या काय म्हणणार आहेत?’ असे तो म्हणे. हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा ऐकले आहे आणि कित्येक कर्जप्रकरणे याच वाक्यापाशी अडलेली पाहिली आहेत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. त्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वारस मानले आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीचे स्थान दिले. तेव्हा गवंडी बोलावण्यापूर्वी बहिणींना बोलवावे, असा मी आग्रह धरला.

त्या आल्या. थोरलीने हक्कसोडपत्र करून देण्याची तयारी दाखवली. ते नोंदणीकृतच असावे लागते, हे मी समजावले. धाकटीने मात्र शांतपणे सांगितले, ‘माझा वाटा राहू दे, दादा. माहेर म्हणून तेवढेच उरले आहे.’ क्षणभर सोप्यात कोणी बोलेना. मला तिचे म्हणणे योग्य वाटले आणि मी तसे बोलून दाखवले. हक्क राखणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. अखेर वकिलाकरवी करारपत्र झाले : पाचही वारसांची नावे लागावीत, दुरुस्तीचा खर्च मित्राने करावा, त्याची नोंद ठेवावी आणि पुढे कधी घर विकले गेलेच, तर तो खर्च आधी त्याला मिळून उरलेल्याची वाटणी व्हावी. करारावर सही करताना धाकटी हसली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता भिंती. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या एका अनुभवी अभियंत्याने दोन तास घर तपासले आणि पाडण्याची गरज नाही, असे सांगितले. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडूनही देते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आत कोंडते. तीच क्षारांना बाहेर ढकलते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजवते. उपाय म्हणून आतला सिमेंटचा गिलावा खरवडला, उन्हाळाभर भिंती उघड्या वाळू दिल्या आणि नंतर भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू व विटांची भुकटी मिसळून नवा गिलावा केला. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. कुजलेल्या दोन तुळयांची टोके तेवढी कापून नव्या सागवानाचे सांधे दिले. वीजजोडणी संपूर्ण बदलली आणि विजेची बटणे पुराच्या खुणेच्या वर घेतली. मातोश्रींसाठी न्हाणीघरात हातधरा बसवला व परसूकडची उंच पायरी दोन भागांत केली.

खर्चाविषयी चार गोष्टी वाचकांनी टिपून ठेवाव्यात. पहिली, तीन ठिकाणांहून बाबवार अंदाजपत्रक घ्यावे. ‘सगळे मिळून इतके’ अशी बोली स्वीकारू नये. दुसरी, अंदाजाच्या पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवावी, कारण जुनी भिंत उघडल्याशिवाय आतले कळत नाही. मित्राचा अंदाज साडेसहा लाखांचा होता, खर्च सात लाख तीस हजारांवर थांबला. तिसरी, पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून द्यावा, हे आधीच लिहून घ्यावे. चौथी, आजारपणासाठी राखलेली ठेव मोडू नये. दुरुस्तीसाठी कर्ज काढल्यास १९६१ च्या आयकर कायद्यात, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना, राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट होती. घर खरेदी वा बांधकामाची दोन लाखांची मर्यादा तिला लागू नव्हती. म्हणून करसवलतीच्या भरवशावर कर्ज काढू नये.

आठवड्यातून दोनदा मी तेथे जात असे. गोण्या मोजणे, पावत्या वहीत चिकटवणे, मजुरीची नोंद ठेवणे एवढेच माझे काम. रंग कोणता, फरशी कोणती, यात मी कधी बोललो नाही; घर त्याचे आहे. मित्राला उसने पैसे देण्याची माझीही तयारी होती, पण त्याला त्याहून अधिक गरज होती ती शेजारी बसून आकडे तपासणाऱ्या माणसाची. पैशाने मैत्रीत एक देणेकरी निर्माण होतो, वेळेने तसे होत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या गावी असे एखादे घर कुलूपबंद किंवा गळके उभे असेल. या दिवाळीत भावंडे एकत्र येतील तेव्हा मिळकतपत्रिका काढून पाहावी, तीवर कोणाची नावे आहेत ते सर्वांना, बहिणींनाही, वाचून दाखवावे. भिंतीची ओल त्यानंतर पाहता येईल.