लक्ष्मीचा हिशेब

'श्रीं' हा लक्ष्मीचा बीजमंत्र. 108 मण्यांची माळ ओढायची, कमळावरची बाई डोळ्यांपुढे आणायची, की म्हणे पैसा येतो. गौरी-गणपती आम्ही 1956 साली नागपुरात सोडले; ही मागच्या दाराने आली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आता वस्तीतही मोबाईलवर जप वाजतो.

जपणाऱ्या आयाबहिणींना मी हसणार नाही. शेजारची मावशी कंत्राटी झाडूवाली. तीन महिने पगार नाही. घरात दाणा नसला की माणूस कुठलंही दार ठोठावतो.

माझं भांडण पोथीशी आहे. पोथीतली राणी सुरतचंद्रिका म्हातारीच्या रूपात आलेल्या देवीला हाकलते, म्हणून कंगाल होते. म्हणजे दारिद्र्य हा ज्याचा त्याचा गुन्हा! कंत्राटदार सुटला, सावकार सुटला. पैसा आला नाही तर तुमचा जपच चुकला.

आणि ऐपत असली तरी शूद्राने धन साठवू नये, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कुणी लिहिलं? लक्ष्मी शास्त्राने हिसकावायची अन् वर तिचाच मंत्र शिकवायचा. काय पण चलाखी!

बाबासाहेबांच्या परिषदेत, महाडला, 25 डिसेंबर 1927 रोजी ती मनुस्मृती जळाली. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहात भूमिहीनांनी जमीन मागितली ती सरकारकडे. त्यासाठी तुरुंग भरले. माळ कुणी ओढली नाही.

तेव्हा घराघरांत जा. भांडू नका, हिशेब मांडा. हजेरी किती, मजुरी किती, बुडवली कुणी. त्या माणसाचं नाव 108 वेळा घ्या. मोठ्याने घ्या. त्याच्या दारात घ्या.