सोवळ्यातले गणित

गणितातही सोवळे-ओवळे असते. सिद्धता सोवळ्यात, आकडेमोड ओवळ्यात. एखादी वस्तू ‘आहे’ एवढे सिद्ध झाले की पंगत उठते. ती हाती कशी लागणार, असे विचारणाऱ्याकडे कारकून म्हणून पाहिले जाते. विसाव्या शतकात तर ही अढी पक्की झाली. ऑस्ट्रियाच्या ब्रुनो बुखबर्गर यांची कारकीर्द पाहावी ती या अढीसमोर धरून.

इन्सब्रुक विद्यापीठात वोल्फगांग ग्रोब्नर यांनी १९६४ साली चर्चावर्गात बहुपदींबद्दलचा एक प्रश्न मांडला. त्यांचा विद्यार्थी बुखबर्गर याने १९६५च्या प्रबंधात तो सोडवला. वय जेमतेम बावीस-तेवीस. नुसती रीत सांगून तो थांबला नाही. त्सूझे झेड-२३ या तेव्हाच्या अवाढव्य यंत्रावर ती चालवूनही पाहिली.

अनेक समीकरणांतून एकेक अज्ञात घालवत नेणारी ही रीत कशी ते पाहू. क्ष² + य² = ५ आणि क्षय = २. पहिल्याला य ने गुणा, दुसऱ्याला क्ष ने, आणि वजा करा. दोन्हीकडचे क्ष²य एकमेकांवर आपटून उडते. उरते य³ − ५य + २क्ष = ०. म्हणजे क्ष आता य च्या मुठीत आला. तो दुसऱ्या समीकरणात घातला की य⁴ − ५य² + ४ = ०. इथे क्ष चा मागमूसही नाही. य म्हणजे १, −१, २ किंवा −२, झाले.

हे तर शाळेतली पोरेही करतात, असे कुणी म्हणेल. करतात; पण दोन समीकरणांत. दहा समीकरणे आणि दहा अज्ञाते घेऊन दोन-दोनच्या जोडीत, वर क्ष²य ची लावली तशी मोठ्या पदांची झुंज लावत बसलात, तर प्रत्येक झुंजीतून नवे समीकरण निघते, त्याची पुन्हा जुन्यांशी झुंज. हे कधी थांबणार? आणि थांबले तरी काही निसटले नाही, हे कशावरून? बुखबर्गर यांनी दोन्हींचा निकाल लावला. रीत नेहमी थांबते. आणि जेव्हा प्रत्येक जोडीच्या वजाबाकीत उरलेली बहुपदी हातातल्या बहुपदींनी भागत भागत शून्यावर येते, तेव्हा काम पुरे झाले असे समजावे. जवळपास अशीच कल्पना १९६४ साली गणिती हिरोनाका यांनीही मांडली होती, त्याच्याही आधी १९१३ साली रशियात गुंथर यांनी. पण यंत्राला शिकवता येईल अशी रीत दिली ती बुखबर्गर यांनीच.

मग? मग काही नाही. प्रबंधाचा गाभा नियतकालिकात छापून यायला १९७० उजाडले. १९७६ साली बुखबर्गर यांनी रीत थांबल्यावर हाती येणाऱ्या बहुपदींच्या संचाला ‘ग्रोब्नर बेसिस’ असे गुरूचे नाव दिले, स्वतःचे नाही. १९७९ साली कोणत्या जोड्या तपासायचीच गरज नाही, याची कसोटी त्यांनी दिली. मधल्या काळात जगात संगणक वाढले आणि ओवळ्यातल्या कामाला एकाएकी मान आला. १९८५ साली यंत्राकडून बीजगणित करून घेण्याच्या विषयाचे नियतकालिक त्यांनी सुरू केले, १९८७ साली लिंट्झला त्याच विषयाची संस्था काढली. ती पुढे हागेनबर्गच्या जुन्या गढीत गेली. यंत्रमानवाचा हात कुठल्या सांध्यात किती वळवावा, इथपासून सांकेतिक कुलपे फोडण्यापर्यंत ही रीत कामाला येते. २००३ साली फोजेर आणि झू या दोघांनी हिचीच सुधारलेली आवृत्ती वापरून ८० अज्ञातांच्या ८० समीकरणांवर उभे केलेले सांकेतिक कुलूप फोडले. मूळ जर्मन प्रबंध इंग्रजीत छापला गेला तो मात्र २००६ साली!

ही जादूची कांडी नाही. काही समीकरणांत खर्च घातांकाच्याही घातांकाने चढतो, हे मायर आणि मेयर यांनी १९८२ सालीच दाखवले. यंत्र तासन्‌तास घरघरत राहते आणि शेवटी स्मृती संपल्याचे सांगते.

आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या या अढीशी उघड भांडले ते गणिती श्रीराम अभ्यंकर. निरसनाची, म्हणजे अज्ञाते एकेक करून घालवण्याची विद्याच बीजभूमितीतून घालवावी, असा गणिती आन्द्रे वेय यांचा सूर होता; अभ्यंकरांनी त्याला चक्क इंग्रजी कवितेत उत्तर दिले. शाळेतल्या बीजगणिताची ताकद त्यांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त १९७६ साली लिहिलेल्या दीर्घ लेखात ठासून सांगितली आणि त्या लेखाला शॉव्हने पारितोषिक मिळाले. १९७६ सालीच पुण्यात त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले. पर्ड्यूमध्ये ते गणिताबरोबर संगणकशास्त्राचेही प्राध्यापक होते. ज्याला हे ओवळे वाटते त्याने अभ्यंकरांचे काम वाचून मग बोलावे.

वाचकांना एक विनंती. वरची दोन समीकरणे वहीवर एकदा करून पाहा. मग त्यांत तिसरे अज्ञात घाला, तिसरे समीकरण जोडा, आणि किती पाने लागतात ते मोजा.