मोफत म्हणजे फुकट नव्हे

गेल्या महिन्यात शेजारची सून बाळाला घेऊन आली. बाळ सात महिन्यांचं. न्यूमोनियाने चार दिवस दवाखान्यात काढून नुकतंच घरी आलेलं. मांडीवर घेतलं तर अंग कसं हलकं लागलं. मी सवयीने विचारलं, "डोस सगळे झालेत ना गं?" ती गप्प. मग पिशवीतून कार्ड काढून तिने माझ्यापुढे ठेवलं. जन्मानंतरचे आणि दीड महिन्याचे डोस दिलेले, पुढचे रकाने कोरे.

"काकू, तुम्हीच म्हणाला होतात, खासगीत घे म्हणून. पहिल्या खेपेलाच साडेसहा हजार गेले. नंतर ह्यांचं दुकान बसलं. म्हटलं, जमेल तेव्हा घेऊ."

"अगं, मग टाकीजवळच्या सरकारी केंद्रात का नाही गेलीस? तिथे पैसे लागत नाहीत."

"तिथे?" ती एवढंच म्हणाली.

काय बोलणार? 'तिथे कशाला' हे मीच तर तिच्या डोक्यात घातलं होतं! माझ्या मुलांच्या वेळीही मी सरकारी दवाखान्याची पायरी चढले नाही. सरकारी म्हणजे फुकटचं आणि फुकटचं म्हणजे हलकं, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. राहिलेले डोस घेतले असते तर बाळाचं दुखणं टळलंच असतं, असं कोणी छातीठोक सांगणार नाही. पण ते कोरे रकाने माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

आठवड्याने बाळ खडखडीत झाल्यावर मीच तिला घेऊन केंद्रात गेले. सिस्टर रागावल्या नाहीत. कार्ड पाहून म्हणाल्या, "पहिल्यापासून नको, राहिलंय तिथून पुढे सुरू करू." मी न राहवून विचारलं, "ही लस खासगीसारखीच असते का हो?" त्या हसल्या. हा प्रश्न त्यांना रोजचा असणार. म्हणाल्या, "आमच्या लशीने ताप जरा जास्त येतो, म्हणून लोकांना ती हलकी वाटते. डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारे बनवलेला असतो, त्याने ताप येतो. पण संरक्षणात ती कुठेही कमी नाही." न्यूमोनियाची लस, जिच्या एका डोसला खासगीत हजारो रुपये मोजावे लागतात, तीही तिथे मोफत होती. ही लस २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आली. आपल्यापैकी कितीजणींना हे माहीत आहे? मला नव्हतं.

मैत्रिणींनो, 'मोफत' हा शब्दच आपल्याला फसवतो. लस कोणी दान म्हणून देत नाही. १९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे. वर्षाला साधारण अडीच कोटींहून अधिक बाळांसाठी सरकार लशी घेतं. हा पैसा येतो कुठून? आपण साबण घेतो, चपला घेतो, गाडीत पेट्रोल भरतो, त्या प्रत्येक वेळी कर भरतो. म्हणजे त्या बाटलीचे पैसे आपण आधीच दिलेले आहेत. आपल्याच पैशांची वस्तू घ्यायला लाज कसली?

आणि पैसे आपले, तर हिशेबही आपणच विचारायला हवा. लशीची बाटली विकत घेतली म्हणजे काम झालं असं नाही. ती कारखान्यापासून केंद्रापर्यंत थंड राहायला हवी, साधारण दोन ते आठ अंशांत. गोवर-रुबेलाची बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. त्यासाठी फ्रिज हवा, वीज गेली तर पर्यायी सोय हवी, बर्फाचा डबा उचलून वस्तीवर जाणारी सिस्टर हवी आणि घरोघर जाऊन बाळांना गोळा करणारी आशाताई हवी. एका बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण करून घेतल्याबद्दल आशाताईला केंद्राच्या दराने कित्येक वर्षं शंभर रुपये मिळत आले. वर्षभर दारी खेपा घालायच्या, सासूबाईंची समजूत काढायची, आणि हातात शंभर! २०२४ च्या सुरुवातीला याच बायका मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसल्या, तेव्हा राज्याने महिन्याला पाच हजारांची वाढ दिली. पैसे कमी पडले की काटकसर होते ती याच शेवटच्या टप्प्यावर.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. गरीब देशांना लशींसाठी मदत करणारी एक जागतिक संस्था आहे. नाव 'गावी', अगदी मराठी वाटावं असं! २००० मध्ये ती सुरू झाली. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोनियाची लस आपल्याकडे सुरू होताना तिची मदत झाली होती. आपल्या पुण्यात बनलेल्या लशीही अशा मदतीतून कितीतरी देशांत पोहोचतात. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेने या संस्थेला पैसे देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. संस्थेने पुढच्या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर मागितले होते, कबूल झाले नऊ अब्जांच्या थोडे वर. ही तूट कुणाच्या तरी बाळाच्या कार्डावर कोरा रकाना होऊन उतरणार. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी किती दिवस प्यायचं? म्हणून आपल्या देशाने, आपल्या राज्याने या कामावरचा खर्च कमी होऊ देता कामा नये.

कोणी म्हणेल, "आता कुठे राहिलेत हे रोग?" पोलिओचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात २०११ मध्ये आढळला, हे खरं. पण तो रोग आपोआप नाही गेला. रविवारी रविवारी घरोघर जाऊन घालवला. आणि गोवर? २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत साथ आली, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण आढळले, मुलं दगावली. लस असलेल्या रोगाने मूल जाणं यासारखं दुसरं दुःख नाही.

मग आपण काय करायचं? नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. हळदीकुंकवाला नगरसेविका भेटतेच ना? तिला विचारा, आपल्या केंद्रात सिस्टरची जागा रिकामी आहे का? वीज गेल्यावर लशीच्या फ्रिजचं काय होतं? बसायला बाक, प्यायला पाणी आहे का? चांगल्या घरच्या बायका तिथे गेल्याशिवाय ते केंद्र चांगलं होणार नाही. ज्यांचा आवाज ऐकला जातो त्या खासगीत जातात, म्हणून तर तिथल्या रांगेची दखल कोणी घेत नाही.

त्या दिवशी बाळ सुई टोचताच टाहो फोडून रडलं आणि आईच्या खांद्यावर झोपून गेलं. सिस्टरनी पुढची तारीख कार्डावर लिहिली. मीही ती माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी. चुकीचा सल्ला माझा होता, तेव्हा आता आठवण करून देण्याचं कामही माझंच.