खुर्चीवर बसणाऱ्याला विचारलं का?

शिकागोजवळ ऑरोरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका इमारतीतून आजूबाजूच्या राज्यांवरून उंचावर जाणाऱ्या विमानांना वाट दाखवली जाते. २६ सप्टेंबर २०१४ च्या पहाटे तिथल्याच एका कंत्राटी कर्मचाऱ्याने तळघरात जाऊन केबल कापल्या आणि आग लावली. हजारो उड्डाणं रद्द झाली. केंद्र पूर्ववत व्हायला १७ दिवस लागले.

आपत्कालीन योजना होती की! पण अख्खं केंद्रच दोन-अडीच आठवडे बंद पडलं तर काय, याला ती पुरी पडली नाही. मग ऑरोराचे कंट्रोलर बॅगा भरून मिनियापोलिस, इंडियानापोलिस अशा शेजारच्या केंद्रांत गेले. कुठल्या वाटेवर कधी गर्दी होते, कुठलं विमान कुणाच्या हवाली करायचं, हे त्यांच्या डोक्यात होतं. ते डोकं शेजारच्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि गाडा चालू राहिला.

मी पडलो इंजिनियर. नवीन प्रणालीबद्दल वापरणाऱ्याने कुरकूर केली की आमचं ठरलेलं उत्तर असतं, 'ट्रेनिंग द्या, सवय होईल.' त्यातून ती कुरकूर युनियनची असेल तर बघायलाच नको. आपल्याकडे युनियन म्हटलं की १९८२ चा गिरणी संप आठवतो. त्याच्या पाचच महिने आधी, ऑगस्ट १९८१ मध्ये, अमेरिकेत कंट्रोलरांनी संप केला होता. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि न परतलेल्या ११ हजारांहून अधिक लोकांना घरी पाठवलं. युनियनच मोडली. पण १९८७ मध्ये 'नॅटका' नावाची नवी युनियन उभी राहिली, तीही संपावर आलेल्यांच्या जागी भरती झालेल्या लोकांतून. हे मला फार बोलकं वाटतं.

या नव्या युनियनचं गाजलेलं भांडण म्हणजे 'स्टार्स'. विमानतळांच्या आसपासच्या रडारसाठी १९९६ मध्ये ही नवी प्रणाली घ्यायचं ठरलं. जुन्या टेबलावर बटणं असत. पडद्यावरची नजर न हलवता हाताने चाचपून उजेड कमी-जास्त करता यायचा. नव्या प्रणालीत तेच काम पडद्यावरच्या मेनूत गेलं आणि उघडलेली खिडकी नेमकी विमानांवर यायची! कुठल्याही ऑफिसात चाललं असतं हो, पण इथे खिडकीमागे माणसं आहेत. कंट्रोलर अडून बसले, पुष्कळ बदल करावे लागले आणि खर्चाचा अंदाज ९४ कोटी डॉलरवरून १.४ अब्जांवर गेला. युनियनमुळे खर्च वाढला, असं म्हणणारे भेटतात. माझ्या मते खर्च वाढला तो उशिरा विचारल्यामुळे. कागदावर पेन्सिलीने खोडणं आणि बांधलेली भिंत पाडणं, यात फरक असतोच.

त्यातून शहाणपण आलं म्हणाल तर तेही नाही. पुढची मोठी प्रणाली 'इराम'. २००६ मध्ये सरकारने युनियनशी करार न करता अटी लादल्या, संबंध पार बिघडले आणि प्रणाली घडत असताना कंट्रोलरांचा सहभाग अपुरा राहिला. चाचणीत एका विमानाची माहिती दुसऱ्याच विमानाला चिकटायला लागली. २००९ मध्ये समेट झाला, मग कंट्रोलर टेबलाशी आले आणि गाडी रुळावर आली. काम मार्च २०१५ मध्ये संपलं, चार वर्षांहून अधिक उशिराने.

युनियन म्हणेल ते सगळं सुरक्षेपोटीच, असं मात्र मी म्हणणार नाही. नेवार्कचं आकाश सांभाळणारे कंट्रोलर जुलै २०२४ मध्ये लाँग आयलंडहून फिलाडेल्फियाला हलवले, तेव्हा विरोधात घर, मुलांची शाळा हेही होतंच. पण २८ एप्रिल २०२५ ला त्यांचे पडदे सुमारे ९० सेकंद काळे झाले. मुख्य लाइन गेली आणि पर्यायी लाइन वेळेवर चालू झाली नाही. विमानं आकाशात, आणि समोर काळी काच. कित्येकांनी त्या धक्क्यानंतर रजा घेतली. स्वार्थ आणि इशारा एकाच तोंडून येऊ शकतात. स्वार्थ दिसला म्हणून इशारा टाकून द्यायचा नसतो.

त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ही सगळी यंत्रणा नवी करायला १२.५ अब्ज डॉलर मंजूर केले आणि नॅटकाने त्याचं स्वागत केलं. स्वागत ठीक आहे. आराखड्याच्या बैठकीत त्यांना पहिल्या दिवशी बोलावतात की उद्घाटनाच्या, ते मी बघणार आहे.

आणि हे फक्त इकडचंच दुखणं नाही. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या कंट्रोलरांच्या गिल्डने खासदारांना लिहून दिल्ली-मुंबईच्या प्रणाली मंदावल्याची तक्रार केली होती. ७ नोव्हेंबरला दिल्लीत संदेश पोचवणारी यंत्रणा बसली, शेकडो विमानं रखडली. तक्रार नेमकी या यंत्रणेबद्दल होती असं नाही, हे मान्य. पण त्या दिवशी फ्लाइट प्लॅन हाताने तयार करत बसले ते हेच, तक्रार करणारे लोक.