आत्याचे घर, मावशीची पाटी

मार्सेल प्रूस्तच्या भक्तांना माझे म्हणणे रुचणार नाही; पण भक्तांना रुचेल तेवढेच लिहायचे, तर आरतीसंग्रह पुरेसा आहे.

फ्रान्समध्ये शार्त्र शहराजवळ इलिए नावाचे लहानसे गाव आहे. तिथे ज्यूल आमिओ या कापडाच्या व्यापाऱ्याचे एकोणिसाव्या शतकातले घर ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित आहे. नाव मात्र ‘तांत लेओनीचे घर’! आमिओच्या बायकोचे नाव एलिझाबेथ. ती प्रूस्तच्या वडिलांची बहीण, म्हणजे सख्खी आत्या. लेओनी कादंबरीतली. आणि तीही आजोळच्या आजोबांच्या नात्यातल्या बहिणीची मुलगी, म्हणजे आपल्या हिशेबाने मावशी. फ्रेंचांच्या ‘तांत’मध्ये दोघी खपून जातात. मराठीत लबाडी तत्काळ उघडी पडते.

एवढ्यावर भागले नाही. 1971 साली, प्रूस्तच्या जन्मशताब्दीला, गावानेच इलिए-कोंब्रे हे नाव घेतले. पण कोंब्रे म्हणजे इलिए नव्हे. प्रूस्तच्या आईच्या काकांचे ओतॉयचे घर, जिथे तो 1871 साली जन्मला, तेही कोंब्रेत मिसळले आहे. ते तर केव्हाच पाडले गेले. पुढे महायुद्ध आले तेव्हा प्रूस्तने आपले कोंब्रे खुशाल उचलून आघाडीवर नेऊन ठेवले. चहात बुडवलेली ती जगप्रसिद्ध मादलेन पहिल्या खर्ड्यांत नुसता भाजलेला पाव होती. असल्या स्वैर कारागिराच्या कल्पनेला खोली, पलंग, व्हिशीच्या पाण्याची बाटली बहाल करून आपण त्याची कला समजलो, असे या मंडळींना वाटते!

मला राग येतो तो आमिओसाठी. गावात कापड विकून पैसा जोडलेला हा माणूस. अल्जीरियाची त्याला ओढ. 1830 पासून फ्रेंचांनी बळकावलेल्या त्या मुलुखाची नक्कल त्याने आपल्या दिवाणखान्यात मांडली, गावाबाहेर लुआर नदीकाठी हौसेने बाग उठवली. साम्राज्य लहान गावातल्या दुकानदाराच्या घरात कसे शिरते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? प्रूस्त नावाचा भाचा नसता, तरी हे घर जपण्याजोगे होते.

‘नसता तर ते जपले गेले असते का?’ असे कोणी विचारील. बहुधा नसते. पण पहारेकरी चांगला मिळाला म्हणून घर त्याच्या नावावर चढत नाही. फ्रान्सचा वास्तुरक्षणाचा कायदा 31 डिसेंबर 1913 चा. कादंबरीचा पहिला खंड त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला. कायदा इतिहासाचे आणि कलेचे मोल मानतो. वास्तूभोवतीच्या 500 मीटरांत साधी खिडकी बदलायची, तरी शेजाऱ्याला सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमती लागू शकते. एवढा जाच खऱ्या इतिहासासाठी सोसावा. कादंबरीच्या नेपथ्यासाठी का?

माझी मागणी साधी आहे. दारावर आमिओचे नाव लावा, आणि पलंगाशेजारची मादलेन उचलून तिथे कापडाची मोजपट्टी ठेवा. मादलेन गावातल्या बेकरीत हवी तेवढी मिळते.