साखळी सोडायला सांगू नका, पट्टा नेऊन द्या

आज पिकाचं नाही, वस्तीवरच्या कुत्र्याच्या गळ्याचं लिहितोय.

माझं मत सरळ आहे. "साखळी काढ, मुक्या जिवाचे हाल करू नको" असं सांगून कोणी ऐकत नाही. मालकाचीही कारणं खरी असतात. कुत्रं सुती दोरी चावून तोडतं, शेजाऱ्याच्या कोंबड्या धरतं, मोटारसायकलमागं धावतं. त्याला निर्दयी म्हटलं की बोलणंच संपतं. साखळीचं काम करणारी दुसरी वस्तू हातात दिली, तर माणूस बदलतो. मी जुन्या नवारीचे पट्टे शिवून घेतले आणि शेजारच्या तीन घरी नेऊन दिले. तिन्ही घरी अजून तेच आहेत.

आधी गळ्यात काय काय असतं ते बघा. पिल्लाला बांधलेली सुतळी किंवा वायर ते वाढलं तरी तशीच राहते, कातडीत रुतते, जखमेत आळ्या पडतात. सरकफासाची साखळी ओढली की गळा आवळते. कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतं. वैशाखात त्याचा श्वास अडवणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

काटेरी पट्टा तर उलटाच वापरतात. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याला लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, पण काटे बाहेर असतात, बिबट्यासाठी. ट्रेनिंगच्या नावाखाली विकतात त्याचे काटे आत, कुत्र्याच्याच गळ्याकडे. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर वेल्सने 2010 मध्येच बंदी घातली. आपल्याकडे तो ऑनलाइन मिळतो. घेऊ नका.

मग घालायचं काय? बांधायला इंच-दीड इंच रुंदीचा सपाट पट्टा. फिरवायला छातीपट्टा, म्हणजे ओढ गळ्यावर न येता छातीवर येते. बैलाची जुपणी गळ्याला लागली तर आपण लगेच सैल करतो ना, तोच हिशोब. छातीपट्ट्याला पुढे कडी असेल तर ओढणारं कुत्रं आपोआप बाजूला वळतं.

बदल एका दिवसात करू नका. पहिले तीन-चार दिवस नवा पट्टा फक्त भाकरी खाताना दहा मिनिटं घाला. मग दोन्ही पट्टे ठेवा, दोरी नव्याला लावा. ते बिचकेनासं झालं की जुना काढा. चालताना ओढलं की जागेवर थांबा, दोरी सैल झाली की चाला. ओढून पुढं जाता येत नाही हे त्याला कळायला वेळ लागतो, पण कळतं.

दिवसा बांधायचंच असेल तर दोन झाडांमध्ये डोक्यावरून तार ओढा आणि तारेवर सरकती कडी लावा. कुत्रं खोडाला गुंडाळणार नाही अशा बेतानं दोन्हीकडे अडसर ठेवा. कुंपणाजवळ नको, उडी मारली तर फास बसेल. सावली आणि पाणी त्याच्या टप्प्यात पाहिजे. जुन्नर, शिरूर, संगमनेरकडच्या मंडळींनी रात्री जाळीच्या बंद खोपीत ठेवा. बांधलेल्या कुत्र्याला बिबट्यापुढून पळता येत नाही.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 आहेच. फार आखूड वा जड साखळीनं बराच वेळ बांधणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, दोन्ही गुन्हे आहेत. पण शेजाऱ्याला कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा एक पट्टा नेऊन द्या. शिवारफेरीला येणाऱ्या कृषी सहायकांनी आणि पशुवैद्यकांनीही बांधावरच्या गप्पांत हा विषय काढावा.

आज संध्याकाळी भाकरी टाकताना कुत्र्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा. जात नसतील तर तिथंच सैल करा.