तीही बाळंतीणच!



गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या घरी जुळी आली. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. दोघांच्या वयात अंतर केवळ दोन मिनिटांचे. ज्या शस्त्रक्रियेला आपण सर्वजण ‘सिझेरियन’ म्हणतो, तिने ही मुले जन्मली. सहाव्या दिवशी बाळंतीण घरी आली, तेव्हा हळिवाचे लाडू घेऊन मी भेटीस गेले. ओसरीवर घरच्या आजी बसल्या होत्या. वय चौऱ्यांशी, कणा अजून ताठ, सहाही बाळंतपणे घरच्या घरी झालेली. विचारपूस करावयास आलेल्या एका बाईंना त्या सांगत होत्या, “कसले बाळंतपण नि कसले काय! ना कळा, ना घाम. पोट कापले नि पोरे उचलून बाहेर घेतली. आमच्या वेळी बाई बाळंत होत असे. आता डॉक्टरच बाळंत होतात!”

त्या बाई हसल्या. आत खाटेवर पडलेल्या नातसुनेने ते सारे ऐकले होते. मी जवळ बसताच ती हळूच म्हणाली, “मावशी, आजी म्हणतात ते खोटे कसे म्हणू? मी नुसती पडून होते. मुलांना मी जन्म दिला असे मला वाटतच नाही.”

हा सल एकट्या तिचा नाही. आपल्या अनेक घरांतील लेकीसुना तो मनात बाळगून आहेत आणि लाजेने बोलत नाहीत. म्हणून आजचा हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याहूनही अधिक ओसरीवर बसणाऱ्या आपणां वडीलधाऱ्यांसाठी आहे.

पोटातून काढलेले मूल ‘जन्मले’ असे म्हणावे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. स्पेनमधील काताल्लोनिया प्रांतात तेराव्या शतकाच्या आरंभी जन्मलेले संत रेमंड आपणांस ठाऊक असतील. त्यांच्या नावापुढे ‘नोन्नातुस’ असे लॅटिन उपपद लागले आहे. त्याचा अर्थ ‘न जन्मलेला’. परंपरा अशी सांगते की, त्यांची माता प्रसूतीपूर्वीच मरण पावली आणि तिचे पोट कापून बाळ बाहेर काढण्यात आले. जगाने ज्याला न जन्मलेला म्हटले, त्यालाच ख्रिस्तसभेने गर्भवतींचा, सुइणींचा आणि नवजात बालकांचा आश्रयदाता मानले. ३१ ऑगस्ट रोजी त्यांचा सण येतो.

त्या काळी ही क्रिया बहुधा मृत मातेवरच होत असे. गर्भवती मरण पावल्यास मूल काढून घेतल्यावाचून तिला पुरू नये, असा प्राचीन रोमचा कायदा होता. ज्युलियस सीझर असा जन्मला व म्हणून या शस्त्रक्रियेस त्याचे नाव मिळाले, असे आपण शाळेत ऐकतो. परंतु त्याची आई औरेलिया पुढे अनेक वर्षे जिवंत होती, तेव्हा ही कथा खरी मानता येत नाही. जिवंत मातेचे पोट उघडून माता आणि मूल दोघेही वाचल्याची उदाहरणे एकोणिसाव्या शतकापर्यंत अगदी विरळा. केपटाऊन येथे जेम्स बॅरी या शल्यविशारदाने १८२६ साली केलेली शस्त्रक्रिया त्यांपैकी एक होय. वेदना नाहीशा करणारे क्लोरोफॉर्म प्रसूतीच्या कामी १८४७ साली आले, तरी माता मरतच राहिल्या. याचे एक मोठे कारण ऐकून आज नवल वाटेल: पोट शिवले जाई, परंतु आतील गर्भाशयाला टाके घालण्याची रीत नव्हती! ते आपोआप आकसेल, अशी समजूत होती. इटलीतील एदुआर्दो पोर्रो यांनी १८७६ साली रक्तस्राव थांबविण्यासाठी गर्भाशयच काढून टाकले. माता वाचली, पण पुन्हा आई होण्याची आशा संपली. अखेर १८८२ साली जर्मनीतील माक्स सेंगर यांनी गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली. आज आपल्या लेकी जिवंत घरी येतात, त्यामागे त्या टाक्यांचा हा इतिहास आहे.

आता जुळ्यांकडे वळू. एक मूल पोटात असले तरी ते डोक्याकडून येईल की नाही, ही चिंता असते. दोघे असले म्हणजे ती दुणावते. दोघेही डोके खाली करून असतील तर उत्तमच. परंतु कधी पहिले पायाळू असते, कधी दुसरे आडवे. पहिले मूल सुखरूप बाहेर आले की आत एकाएकी ऐसपैस जागा होते आणि तोवर नीट असलेले दुसरेही फिरून आडवे होऊ शकते. शिवाय दोन जिवांनी ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर लवकर आकसत नाही, म्हणून रक्तस्रावाचे भय अधिक. दोन्ही मुले एकाच पिशवीत असतील तर त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असतो. अशा वेळी दिवस पूर्ण भरण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियाच करतात.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हे नवे नाही. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात तामारेच्या जुळ्यांची हकिकत आहे. प्रसूतीसमयी एका बाळाचा हात आधी बाहेर आला. हाच थोरला, अशी खूण म्हणून सुइणीने त्या हाताला तांबडा दोरा बांधला. पण हात आत गेला आणि दुसरेच बाळ आधी जन्मले. तोच पेरेस, त्याचे नाव प्रभू येशूच्या वंशावळीत आले आहे. हात आधी बाहेर येणे म्हणजे काय, हे जुन्या सुइणी पुरते जाणून होत्या. तामार सुटली. तशा अवस्थेत अडलेल्या किती जणी सुटल्या नसतील, त्यांची मोजदाद कोणी केली?

आमच्या शेजारणीची मुलगी पायाळू होती आणि मुलगा आडवा. डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस आधीच दोघा नवराबायकोला समोर बसवून हे सारे समजावून सांगितले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या कण्यात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. ती जागीच होती. कातडी, चरबी, स्नायूंवरील चिवट पडदा, पोटाच्या आतील नाजूक पडदा आणि मग गर्भाशय, एवढे थर उघडावे लागतात. मुले काही मिनिटांतच हाती येतात. पण तेच थर पुन्हा एकेक करून शिवण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. हे सारे होत असता ती छताकडे पाहत पडली होती आणि पहिले रडणे कानी पडेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता. यालाच ती बिचारी ‘नुसती पडून होते’ म्हणते! नऊ महिने दोघांना रक्तामांसाने पोसले ते कोणी? त्यांच्यासाठी स्वतःचे शरीर सुरीखाली कोणी दिले? कळा सोसणे हे मातृत्वाचे एक मोल आहे. ते एकच मोल नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक बाळंतपण असेच व्हावे, असा मात्र कोणी काढू नये. जुळी म्हटली की शस्त्रक्रिया ठरलेलीच, हेही खरे नव्हे. पंचवीस देशांतील सुमारे २८०० जुळ्या गर्भवतींची एक मोठी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल, तर आधीपासून शस्त्रक्रिया ठरविल्याने बाळांचा काही अधिक लाभ होत नाही, असे तीत आढळले. मात्र नैसर्गिक प्रसूतीची वाट धरलेल्यांपैकीही शंभरांतील चाळिसांहून अधिक जणींना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा तयारी दोन्हींची हवी, आणि प्रसूती रक्ताची व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच हवी.

आपल्या देशात दुसरीही एक बाजू आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभर बाळंतपणांपैकी २१.५ शस्त्रक्रियेने झाली. त्यांत सरकारी रुग्णालयांतील प्रमाण १४.३, तर खाजगी रुग्णालयांतील ४७.४. एकट्या तेलंगणात हा आकडा ६०.७ पर्यंत गेला. हैदराबादकडील आमच्या वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. मुहूर्त साधावा म्हणून, सवड व्हावी म्हणून पोट कापू नये. “शस्त्रक्रिया का? थांबलो तर काय होईल? पुढल्या खेपेस काय?” हे तीन प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे, पण अवश्य विचारावेत. कारण व्रण राहतो. पुढील गरोदरपणात तो क्वचित उकलू शकतो, आणि शस्त्रक्रियांची संख्या वाढेल तशी वार त्या जागी घट्ट रुतून बसण्याचे भय वाढते. म्हणून एका प्रसूतीनंतर पुढील दिवस राहण्यापूर्वी निदान दीड-दोन वर्षे जाऊ द्यावीत. व्रण असूनही पुढे अनेकींची प्रसूती नैसर्गिक रीतीने होते, हेही जाणून असावे. पण ही चौकशी प्रसूतीपूर्वी डॉक्टरांपाशी करावयाची. प्रसूतीनंतर बाळंतिणीच्या खाटेपाशी नव्हे.

आता घरातील मंडळींचे कर्तव्य. बाळंतिणीला दुसऱ्या दिवसापर्यंत उठवून, धरून चार पावले चालवावे. नुसते पडून राहिल्याने पायांत रक्त गोठण्याचा धोका असतो. मात्र सहा आठवडे बाळाहून जड असे काही तिने उचलू नये. पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली ही कामे नवऱ्याची. त्यात कमीपणा कसला? ‘पाणी पिऊ नको, टाके भिजतील’ ही समजूत सोडावी. दोघांना पाजणाऱ्या आईला पाणी आणि चौरस आहार भरपूर हवा. ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, अतिशय रक्तस्राव, पोटरीला सूज, धाप, न थांबणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की पाऊस, रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेनंतर दूध उतरण्यास कधी एखादा दिवस अधिक लागतो. तेवढ्यात ‘हिला दूधच नाही’ असा निकाल कोणी देऊ नये. पहिले घट्ट पिवळसर दूध थेंबाथेंबाने आले तरी तेच बाळाचे पहिले औषध. मधाचे बोट, गुटी, साखरेचे पाणी, यांतील काही देऊ नये. मधातून अर्भकास घातक विषबाधा होऊ शकते. पाजावे तितके दूध वाढते, आणि दोघांना पुरेल इतके दूध बहुतेक मातांना येते. फक्त दुसरे बाळ धरावयास कोणाचे तरी हात हवेत.

जुळी बहुधा दिवसांआधी आणि कमी वजनाची जन्मतात. त्यांना ऊब हवी. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ साली, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा, डॉक्टरांनी उघड्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला ‘कांगारू पद्धत’ म्हणतात आणि आज ती जगभर मान्य आहे. जुळ्यांच्या घरी आईची छाती एकाला. दुसऱ्याला बापाची किंवा आजीची.

त्या दिवशी मी बाहेर ओसरीवर येऊन आजींना हेच सांगितले. त्यांनी विचारले, “धाकटा कसा होता पोटात?” मी म्हणाले, “आडवा.” आजी गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने बोलल्या.

सन १९६२. खानापूर तालुक्यातील त्यांचे गाव, भर पावसाळा, मलप्रभेला पूर. त्यांनाही जुळीच होती. थोरला सुखरूप झाला. तोच आजच्या या बाळांचा आजोबा. धाकट्याचा हात आधी आला. गाडी नेण्यास रस्ता नव्हता. सुईण रात्रभर झटली. पहाटे बाळ आले, ते रडले नाही. नाव ठेवण्यापुरताही अवधी त्याला मिळाला नाही. “पोट कापणारे कोणी तेव्हा असते,” आजी म्हणाल्या, “तर मीच सुरी हातात दिली असती.”

बासष्ट-त्रेसष्ट वर्षे हे त्या घरात कोणी ऐकले नव्हते. आजी उठल्या, आत गेल्या आणि नातसुनेच्या कुशीतून धाकट्याला उचलून त्यांनी आपल्या पदराखाली छातीशी धरले. मग तिला म्हणाल्या, “मुली, तू दोघांनाही जिवंत घरी आणलेस. याहून मोठे बाळंतपण मी पाहिले नाही.”

वाचकहो, आपल्या घरी टाके घातलेली बाळंतीण असेल, तर आज तिच्याजवळ बसा आणि हेच तिला सांगा. ते ऐकण्यासाठी ती वाट पाहत असेल.